सहा रेघांवरची अक्षरं

स्वातंत्र्यानंतर कल्याणच्या रेल्वे वसाहतीतली गोरी कुटुंबं एकेक करून निघून गेली. एका इंजिनिअरची विधवा मात्र काही वर्षं मागे राहिली. नवऱ्याला इथेच पुरलेलं, त्यामुळे तिचा पाय निघेना. शेवटी जायचं ठरलं, तेव्हा प्रश्न आला नवऱ्याच्या पेटीतल्या हस्तलिखितांचा. जुनं इंग्रजी वाद्यसंगीत, तीनएकशे वर्षांपूर्वीचं, त्याच्या घराण्यात चालत आलेलं. इंग्लंडमधलं एक ग्रंथालय ते घ्यायला तयार होतं, पण आधी नीट सूची करून हवी होती. मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉन्व्हेंटात संगीत शिकवायचे. आमच्या फादरनी माझं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे तुम्हाला वाचता येतं?"

मी समोरचा कागद उचलला आणि त्यावरचे सूर गाऊन दाखवले. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची मला दिली.

मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटोपून मी कल्याणला जाऊ लागले. संगीताच्या बहुतेक तुकड्यांना ना नाव, ना कर्त्याचा पत्ता. त्यातून प्रत्येक वादकाचे कागद वेगळे, आणि सगळे एकमेकांत मिसळलेले. मी एकेका तुकड्यासाठी कार्ड करून त्यावर सुरुवातीचे सूर उतरवायचे. मग एक ओळ गुणगुणत दुसरी तिच्याशी जुळते का ते बघायचं. जुळली की अंगावर काटा यायचा.

पेटीच्या तळाशी एक पातळ वही निघाली. सहा-सहा रेघा, आणि त्यांवर नुसती इंग्रजी अक्षरं.

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "कुणा मुलाने अक्षरं गिरवलीत."

पण अक्षरांच्या वर बारीक काठ्या होत्या, काठ्यांना शेपट्या. सूर किती लांबवायचा ते दाखवायला आम्ही अशाच खुणा करतो. मुलं कशाला असलं काढतील? मी वही मागून घरी आणली.

माझा भाऊ लग्नांत गिटार वाजवायचा. सहा रेघा म्हणजे सहा तारा असतील, असं मी त्याला म्हटलं. 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' म्हणजे पहिल्या पडद्यावर बोट, आणि तसंच पुढे. त्याने वाजवून पाहिलं. बरंचसं गोड लागलं, पण मध्येच कानाला बोचायचं.

पपा चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. ते ओट्यावर बसून ऐकत होते. "अरे, दर वेळी ती तिसरी तारच खोटी बोलते. जरा उतरव तिला."

भावाने तार अर्ध्या सुराने उतरवली आणि पुन्हा सुरुवात केली. एकही सूर बोचला नाही. मी जागची उठलेच, कारण ती चाल माझ्या ओळखीची होती! वेगवेगळ्या कागदांवरून मी जुळवलेल्या एका निनावी तुकड्याचीच ती चाल होती. शाळेतल्या संगीतकोशात वाद्यही सापडलं: ल्यूट, गिटारसारखंच, बोटांनी छेडायचं.

पुढच्या रविवारी पपा आणि भाऊ वाद्यं घेऊन माझ्याबरोबर कल्याणला आले. आधी भावाने वहीतलं एकट्याने वाजवलं, मग पपांनी व्हायोलिनवर वरची ओळ धरली. बाई खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिल्या.

"माझ्या यजमानांना हे कधीच ऐकायला मिळालं नाही," त्या म्हणाल्या. "फार जपायचे. पण हे वाजतं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं."

सूचीत मी त्या वहीला त्या निनावी तुकड्याशेजारी जागा दिली आणि तार कशी लावायची तेही लिहिलं. बाईंनी पहिल्या पानावर माझं नाव घालायला लावलं, आणि त्याखाली 'ठाणे'. पुढे ग्रंथालयाने कळवलं की सूची आहे तशीच ठेवली आहे, एकही कार्ड हलवलेलं नाही.

पपा मला घरात 'बाय' म्हणायचे, पण तोंडावर कधी त्यांनी माझं कौतुक केलं नव्हतं. ते पत्र आल्यानंतरच्या रविवारी मात्र मिस्सा सुटल्यावर, फादर आणि गावातली चार माणसं उभी असताना, ते मोठ्याने म्हणाले, "इंग्रजांचं गाणं इंग्रजांना वाचून दाखवलं आमच्या बायने."

मी मान खाली घातली नाही.