अडुसष्टचा चौकोन

नऊ मार्च, रविवार. पापड वाळत घालायचे होते. आमच्या इमारतीत मार्चचे रविवार पापडांचे असतात. बायका मिळून लाटतात आणि गच्चीवर जुन्या चादरी अंथरून वाळवतात. माझे पापड नकाशासारखे होतात, म्हणून लाटण्यातून मला केव्हाच वगळलं आहे. चादरी अंथरणं आणि कावळे हाकणं माझ्याकडे. त्या सकाळी मी चादरी जरा विचार करून अंथरल्या. मधोमध एक गोल जागा मोकळी ठेवली. तिथे मला अँटेना घेऊन उभं राहायचं होतं.

सोसायटीच्या बैठकीत माझ्या अँटेनाची तक्रार झाली, तेव्हा तसं ठरलं होतं. रविवारी सगळ्यांसमोर उपग्रहामार्फत कुणाशी तरी बोलून दाखवायचं. जमलं तर गच्चीची किल्ली माझ्याकडे राहील. नाही जमलं तर किल्ली तिथल्या तिथे परत द्यायची आणि पुन्हा अँटेना घेऊन वर यायचं नाही. किल्ली गेली की माझा छंदही गेला, कारण घराच्या खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची संडासाची खिडकी दिसते.

मी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात नोकरी करते. दिवसभर हातात वॉकीटॉकी असतो. तिथे दुरुस्तीला आलेल्या एका तंत्रज्ञाने एकदा सांगितलं, की असलेच संच घेऊन हौशी लोक उपग्रहामार्फत बोलतात. मला थाप वाटली. घरी येऊन शोधलं तर खरं निघालं. डोक्यावरून जाणाऱ्या काही उपग्रहांत रिपीटर असतो. आपण खालून बोललेलं तो उचलतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली सोडतो. तो आकाशात असेपर्यंत केरळातला माणूस पनवेलच्या माणसाशी बोलू शकतो. जेमतेम दहा मिनिटं, मग तो डोंगराआड जातो. मी परीक्षा दिली, परवाना घेतला आणि सुताराच्या पोलादी मेजर टेपचे तुकडे प्लंबरच्या पाइपवर बसवून अँटेना केली. नवरा म्हणाला, “छान. आता कपडे वाळत घालायला अजून एक काठी झाली.”

या लोकांनी सगळ्या जगाच्या नकाशावर चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनाला अक्षरांचं आणि आकड्यांचं नाव. जितक्या जास्त चौकोनांतल्या लोकांशी बोलाल तितकी शान. बहुतेक मुंबईचा चौकोन एमके एकोणसत्तर. खारघर, बेलपाडा त्यातच येतात. एकोणीस अंशांची रेघ ओलांडून दक्षिणेला आलं की अडुसष्ट सुरू होतो. पळस्पे त्यात, आणि पळस्प्याच्या रस्त्यावरची आमची इमारतही त्यात.

तक्रार कुणाची होती? अध्यक्षकाकांची. काका बँकेतून निवृत्त झालेले, जन्मापासून पनवेलचे. त्यांना दोन गोष्टींची चीड. पहिली, मोबाइलचा टॉवर. आमच्या गच्चीवर टॉवर येणार होता, तो त्यांनी दारोदार सह्या घेऊन पळवून लावला. तेव्हापासून त्यांच्या लेखी अँटेना म्हणजे टॉवरचं पिल्लू. दुसरी, पनवेलला नवी मुंबई म्हणणं. कुरिअरवाल्याने पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं दिसलं की पाकीट घेताना ते त्याला उभ्या उभ्या सुनावतात, “मुंबई नुसती बेटं होती तेव्हा इथे गलबतं लागत होती. लक्षात ठेव.”

काकांच्या राज्यात गच्चीतून आधीच हाकललं गेलेलं एक घर होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी उरणच्या कोळ्यांच्या, माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बोटी. त्यांची सुकट गच्चीवर वाळायची. वासाची तक्रार झाली आणि बंद झाली. मला त्या म्हणाल्या होत्या, “ताई, आमच्या सुकटीला वास तरी हाय. तुमच्या त्या काठीला तर वास बी नाय. तरी नाकाला झोंबली.”

तर रविवारी पापड पसरून झाले आणि काका गणपतीतला स्पीकर घेऊन वर आले. मागे काकू आणि अर्धी इमारत.

“सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे,” काका म्हणाले. “पारदर्शक कारभार.”

मी दोन संच वापरते. एकावर बोलायचं, दुसऱ्यावर उपग्रहाकडून येणारं ऐकायचं. आपला आवाज वर पोचतोय की नाही ते त्यामुळे कळतं. काकांनी स्पीकरची पिन ऐकायच्या संचात खुपसली. मलाही वाटलं, बरंच आहे, एकदाचं सगळ्यांना ऐकू येऊ दे.

उरणच्या बाजूने उपग्रह वर आला. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून माणसांचे आवाज. कुणी श्रीलंकेतून बोलत होतं, कुणी हैदराबादहून. गच्चीवर टाळ्या पडल्या. मी दोन आवाजांमधली फट साधून बटण दाबलं, माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, म्हटला, आणि स्पीकरमधून अशी शिट्टी निघाली की टाकीवरचे कावळे उडाले.

“ताई, वर कुकर लावला काय?” वहिनी म्हणाल्या.

झालं होतं असं, की माझा आवाज वर जाऊन खाली आला, स्पीकरमधून मोठा होऊन माझ्याच माइकमध्ये शिरला आणि पुन्हा वर गेला. मी बटण सोडलं. स्पीकरमधून एक वैतागलेला माणूस इंग्रजीत म्हणाला, शिट्टीवाल्या स्टेशनने कृपया गप्प बसावं. हे मात्र सगळ्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

“अवकाशातूनसुद्धा तक्रार,” काका म्हणाले. “किल्ली आणा.”

उपग्रह अजून निम्मासुद्धा चढला नव्हता. मी स्पीकरची वायर उपटली आणि पर्समधले इअरफोन लावले.

“मग आम्हाला कळणार कसं?”

“काका, कान पुढे करा.”

एक बोंडूक माझ्या कानात, दुसरं काकांच्या. वायर हातभर. ऐकायचा संच माझ्या गळ्यात, डाव्या हातात अँटेना, उजव्या हातात बोलायचा संच. उपग्रह सरकेल तशी अँटेना फिरवायची, म्हणजे मी वळणार आणि मी वळले की काकांनाही वळावं लागणार. त्यात उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी बदलत राहते, ती जुळवायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता.

“गळ्यातल्या संचाचा खटका तुमच्याकडे. आवाज फाटला की एक घर खाली.”

“फाटतो कशाने पण?”

“पळस्प्याला गोव्याचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेला की हॉर्नचा सूर उतरतो ना? तेच हे.”

“असं होय,” म्हणून काकांनी खटका धरला. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, काम सांगितलं की चोख करतो. आम्ही दोघं वायरीला बांधल्यासारखे गोल फिरू लागलो. खाली गोल अपुरा पडला.

“अहो, पापड!” काकू ओरडल्या.

“गप्प! आवाज फाटतोय!” काका ओरडले आणि एक घर खाली आले. खटक्यानेही आणि पायानेही. पाच-सहा पापडांचा चुरा झाला.

मनगट थोडं वळवल्यावर खरखर विरली. मी पुन्हा कॉलसाइन दिला आणि पुढे चौकोन जोडला, एमके सिक्स-एट. या वेळी माझा आवाज उपग्रहातून परत आलेला मला ऐकू आला, घंटेसारखा साफ. मग केरळच्या वळणाचा एक आवाज उसळून आला.

“सिक्स-एट? कन्फर्म मॅडम, सिक्स-एट? नॉट सिक्स-नाइन?”

“सिक्स-एट. पनवेल.”

“ओहो! मुंबई बहुत बार मिला, मॅडम. पनवेल पहला बार. इतना साल से ढूंढता था!”

काकांनी माझं मनगट पकडलं. अँटेना हलली. “काय म्हणाला? पुन्हा म्हणायला सांगा.”

“पुन्हा नाही, रांग आहे मागे.”

रांग खरोखरच लागली होती. शिट्टीवरून झापणारा तो मघाचा माणूससुद्धा रांगेत आला आणि अगदी गोड आवाजात अडुसष्ट मागू लागला. मी त्याला दिला. कोलंबोला दिला, हैदराबादला दिला. यार्डात एका वेळी आठ ट्रेलर हाकायची सवय कामाला आली. नाव, चौकोन, धन्यवाद, पुढचा. काका प्रत्येकाच्या मागोमाग मोठ्याने घोषणा करत होते, “कोलंबो! पनवेल घेतलं! हैदराबाद! पनवेल घेतलं!” आणि गच्ची टाळ्या वाजवत होती.

“मला एकदा बोलू द्या,” ते मध्येच म्हणाले.

“परवाना लागतो, काका.”

“परीक्षा कधी असते?”

प्रबळगडाच्या मागे आवाज बुडाले आणि खरखर उरली. काकांनी कानातलं बोंडूक काढलं, शर्ट नीट केला आणि सगळ्यांना सांगितलं, “मुंबई वेगळी, पनवेल वेगळं. आज वरून सिद्ध झालं.”

काकू चुरा गोळा करत म्हणाल्या, “पापड वेगळे आणि भुगा वेगळा, तेही सिद्ध झालं.”

मी किल्ली पुढे धरली. काकांनी माझी मूठ मिटवली. “तुमच्याकडेच राहू द्या. दुसरी करून मला द्या. सराव करावा लागेल.”

“दोन करते.”

“दुसरी कुणाला?”

“वहिनींना. सुकटीसाठी.”

काकांनी नाक मुरडायला सुरुवात केली, मग बायकोच्या हातातल्या चुऱ्याकडे पाहिलं. “वाऱ्याच्या दिशेने वाळवा म्हणावं,” एवढंच म्हणाले.

“वारा आमाला शिकवू नका काका,” वहिनी मागून म्हणाल्या. “वाऱ्यावरच जगतो आमी.”

सोमवारी सकाळी बसच्या आधी मी किल्लीवाल्याकडे गेले आणि दोन किल्ल्या घासून घेतल्या. एक काकांच्या लेटरबॉक्समध्ये टाकली. दुसरी वहिनींच्या दाराच्या कडीला सुतळीने बांधली, बेल वाजवली आणि त्या दार उघडायच्या आत उरणच्या बससाठी जिना उतरले.