गाजराचा चमचा आणि आईची नजर

आई गेली तेव्हा मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. सुट्टी म्हणून घरी असलेल्या मुलीचा फोन आला, "मम्मा, आजी उठत नाहीये... कम होम, प्लीज." चोआ चू कांगला घरी नेणाऱ्या एमआरटी मेट्रोत मी रडले नाही. बसायला जागा मिळाली याचंच बरं वाटलं, इतकी दमले होते. त्याला दीड महिना झाला, थकवा अजून उतरलेला नाही.

लग्नाआधी, साठ सालाच्या आसपास, आई मुंबईच्या एका उपनगरात तान्ह्या बाळांच्या डबाबंद खाण्याच्या कारखान्यात कामाला होती. गाजरं, मटार, केळी वाफवायची, चाळणीतून गाळायची, चिमुकल्या डब्यांत भरून, डबे सीलबंद करून पुन्हा वाफेवर शिजवायचे. आईचं काम चव घेण्याचं. नवा घाणा उतरला की पहिला चमचा तिनं खायचा आणि सुपरवायझरनं तिच्या तोंडाकडे बघायचं. तोंड वाकडं झालं नाही, तरच डबे भरायला घ्यायचे. ते अळणी गाजर रोज खाऊन तिची जीभ विटली, पण "माझ्या तोंडाकडे बघून अख्खा कारखाना हलायचा," हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र असे. "त्यानं आमचं गाजर खाल्लं असतं ना, तर एवढं हसलं नसतं," म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. खप मात्र कधी झालाच नाही. डब्यातलं भरवायला आईचे हात मोडलेत का, असं घराघरांत म्हणत. थोड्याच वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. आम्हां भावंडांना तिनं मऊ भातच भरवला.

गेल्या वर्षी, इथे परदेशात माझ्याकडे राहत असताना, तिला पॅरालिसिसचा झटका आला आणि धड गिळता येईना. इथल्या हॉस्पिटलातल्या थेरपिस्टनं सांगितलं, सगळं मिक्सरमधून काढून द्या. खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीची तिला भयंकर धास्ती, आणि तरी ते गिळगिळीत खाणं समोर आलं की ओठ घट्ट मिटून बसायची. एकदा मी वैतागून ओरडले, "आई, खा ना गं! मी ऑफिस करू की हे करू?" तिनं बऱ्या हातानं वाटी माझ्याकडे सरकवली. "आधी तू... मी बघते." भोपळ्याचा तो चमचा मी गिळला. ती टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चेहरा जराही हलू दिला नाही. "हं... भरा," ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

मग दोन्ही वेळा हेच. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर मिक्सर लावायचा, पहिला चमचा मी खायचा. "मम्मा, युअर फेस सो सीरियस लाह," मुलगी इथल्या इंग्रजीच्या ढंगात चिडवायची. कधी कधी मला नुसतं झोपावंसं वाटे... पण नळी लागली नाही.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी वाटीत गाजर होतं. पहिला चमचा मी खाल्ला, दुसरा तिच्यापुढे धरला. तिनं माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्याकडेच वळवला. "तू जेवली नाहीस अजून." मी खाल्ला. मग तिसराही तसाच. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. वाटी संपली, तेव्हा तिनं आपल्या गळ्यातला नॅपकिन ओढला आणि माझं तोंड पुसलं.