फळ्यावर राहिलेले उत्तर

चुकीचे विधान कानावर पडले की शास्त्राच्या बाई जागीच थांबत. सदर बाजारच्या भर गर्दीतही थांबत, मागचा स्कूटरवाला कितीही भोंगा वाजवो. एकदा तेराव्याच्या पंगतीत कोणी वटवाघळाला पक्षी म्हटले. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "सस्तन प्राणी. पिलांना दूध पाजतं," एवढे सांगून त्या पुन्हा जेवू लागल्या.

"चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवू नये, कोणीतरी ते उतरवून घेतं," हे त्यांचे वाक्य रायपूरच्या बुढापारा भागातल्या आमच्या शाळेत शिकलेला प्रत्येक जण जाणतो. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्यांच्याच हाताखाली विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा त्या मला थट्टेने 'गुरुजी' म्हणत आणि जाता-येता खिडकीतून माझा फळा तपासत.

शाळेच्या मागच्या सभागृहाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची एक जोडी राहत असे. हृदयाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळेभोर डोळे. पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ, म्हणून उडताना आवाज नाही. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि केस-हाडांचा बोळा तोंडावाटे टाकते. असे बोळे बाई मुलांना उकलून दाखवत. "याला आपण अशुभ म्हणतो आणि उंदराला गणपतीजवळ बसवतो. दोघांनाही कोणी विचारलेलं नाही."

मग राज्य नवे झाले, रायपूर त्याची राजधानी झाले आणि सरकारला खोल्या पुरेनाशा झाल्या. आमचे सभागृह एका कार्यालयाला द्यायचे ठरले. रंगकाम सुरू झाले त्या दिवशी माळ्यावर पिले होती.

मिस्त्री शिडीवरून माळ्याच्या दारापर्यंत पोहोचला आणि आतल्या अंधारातून लांब, खरखरीत फुत्कार आला. तो धडपडत खाली उतरला. "बड़का नाग हे, मॅडम!"

मुख्याध्यापक धावत आले. "घुबड-बिबड त नाही ना? उद्घाटनाले मोठे साहेब येऊन राहिले. घुबड असंल त आत्ताच बोरीत भरून फेका."

"नहीं सर, नाग देवता," मिस्त्रीने हात जोडले.

"बाई, तुमचा विषय आहे. तुम्ही सांगा, काय आहे वर?"

गव्हाणी घुबडाची पिले भ्याली की अशीच फुत्कारतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. बाईंचे ओठ हलले. शिडीच्या पायाशी एक ताजा बोळा पडला होता. बाई पुढे सरकल्या आणि त्यांची चप्पल त्यावर टेकली.

"मिस्त्रींनी स्वतः ऐकलंय," त्या म्हणाल्या. "मी वेगळं काय सांगणार?"

नागदेवतेच्या माळ्याला हात लावायचा नाही, असे ठरले. धोका मात्र संध्याकाळचा होता. दिवेलागणीला मोठी घुबडे भक्ष्य घेऊन येत. रोज त्या सुमारास बाई दारात उभ्या राहत. "आवरा. त्यांच्या बाहेर पडायची वेळ झाली." हे विधान अचूक होते.

एका संध्याकाळी मिस्त्री हटेना. "थोरकन बाचे हे, मॅडम." भिंतीचा थोडाच भाग उरला होता. तेवढ्यात झरोक्यात पांढरा आकार येऊन टेकला. चोचीतून उंदराचे शेपूट लोंबत होते. मिस्त्रीची तिकडे पाठ होती. त्याने मान वर केली असती तर सगळे संपले असते.

"मिस्त्री, खालचा कोपरा सुटला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, फक्त मुठीतला खडू मोडला.

तो वाकला. त्याच्या पाठीवरून पक्षी आवाज न करता माळ्यात शिरला. वर एकाच वेळी सगळी पिले फुत्कारली. मिस्त्रीने कुंचला टाकला आणि बाहेर धूम ठोकली.

उद्घाटन झाले. पिले उडाली. बाई मात्र खरे सांगायला मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत जात आणि परत येत. "सांगते. धाकट्याचं उडणं अजून कच्चं आहे." धाकटे पक्के झाले, तोवर पुढची अंडी आली.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे नागपूरला निघाल्या. स्टेशनवर मी विचारले, "बाई, ते सांगायचं राहिलं?"

गाडी हलली. खिडकीच्या गजांतून त्या म्हणाल्या, "गुरुजी, फळा आता तुमचा."

त्या पुन्हा रायपूरला आल्या नाहीत. आली ती फक्त त्या गेल्याची बातमी. ते कार्यालय अजून तिथेच आहे. माळ्याखाली कोणी ना कोणी नागासाठी वाटीभर दूध ठेवते. साप दूध पीत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. ते दूध उंदीर पितात आणि उंदरांचे पुढे काय होते, ते माळ्यावरचे पाहतात.

ते उत्तर मी अजून पुसलेले नाही.