"गिलावाच कच्चा होता हो"

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

नागावच्या आमच्या होमस्टेची बाहेरची भिंत शेवाळाने काळी पडली होती. तिचा खरबरीत गिलावा आमच्या गावच्या रामाकाका गवंड्यांनी हाताने केलेला. काल त्यांनी बजावलं होतं, "साबणाचं पाणी मार, नि नारळाचं सोडण, ते वरचं काथ्याचं साल, भिजवून त्यानं हलकं घास. जोर नको."

मी हसण्यावारी नेलं. सकाळी गाडी धुवायचं प्रेशर मशीन भिंतीला भिडवलं. शेवाळ निघालं, पाठोपाठ गिलाव्याचे पोपडेही पडले.

पाहुणे बघत होते. मी पटकन म्हणालो, "गिलावाच कच्चा होता हो."

मागे रामाकाका उभे होते. माझ्यासाठी बादलीत सोडणं भिजवून घेऊन आलेले.

"भिंत हाय ती, गाडी न्हाय," एवढंच बोलले.

पाहुणे समुद्रावर गेल्यावर त्यांनी उरलेला कोपरा घासून दाखवला. शेवाळ गेलं, गिलाव्याचा कणही सुटला नाही.

दुपारी पाहुणे निघाले, तेव्हाही "चूक माझी" म्हणायला जीभ रेटली नाही. ते काकांचं काम कच्चं समजूनच गेले.

उद्या काका भिंत दुरुस्त करायला येणार आहेत. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?