हिराबाईची गाठ आणि चार डॉक्टर

डॉक्टरांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दवाखान्यात वीस वर्षं फरशी पुसली की ते आपोआप साठतात, खाटेखाली औषधाच्या रिकाम्या बाटल्या साठतात तसे. बाटल्या निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? मला अक्षर येत नाही, म्हणून ते डोक्यातच राहिले. आता नात लिहून घेते. मध्येच थांबून विचारते, "आजी, हे खरंच लिहू?" लिही गं! त्यातले निम्मे डॉक्टर आता आजोबा झालेत. रागावले तरी आपला जिना चढून येणार नाहीत.

*

पनवेलला मी ज्या दवाखान्यात आया होते, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना एकदा कल्पना सुचली. नवीन पनवेलात तेव्हा बिल्डिंगी उगवत होत्या, पण कॅन्सर म्हटला की मुंबईशिवाय इलाज नाही. गावचा माणूस इकडेतिकडे फिरून मुंबईला पोचेपर्यंत आजार पुढे गेलेला. तर पनवेल, उरण, पेण इथल्या डॉक्टरांनी एकत्र यायचं, पेशंट लवकर ओळखायचा, लवकर पाठवायचा. कल्पना चांगलीच! मी पण खूश झाले.

पहिली मीटिंग आमच्या दवाखान्याच्या गच्चीवर. चौघं जमले. आमचे मोठे डॉक्टर, आमच्याकडच्याच लेडी डॉक्टर, उरणचे सर्जन, आणि पेणचे लॅबवाले डॉक्टर. कमिटीचं नाव ठरवण्यातच तीन वेळा चहा झाला. नाव इंग्रजीत, त्यात 'कॅन्सर' शब्द घालायचा की नाही यावर वाद. लोक घाबरतील म्हणून शेवटी तो काढला.

कप उचलता उचलता मी विचारलं, "मग लोकांना कळनार कसं, कमिटी कशाची हाय ते?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, कमिटी डॉक्टरांची आहे. लोकांना कळून काय करायचंय?"

त्याच दिवशी ते अध्यक्ष झाले. आपलं नाव त्यांनीच सुचवलं, आणि टाळीही पहिली त्यांनीच वाजवली.

*

मग दिवाळीनंतर जवळच्या नेरे गावच्या शाळेत कॅम्प लागला. बायकांची तपासणी! बॅनर केवढा, तर शाळेच्या पडवीएवढा. त्यावर चारही डॉक्टरांची नावं, अध्यक्षांचं सगळ्यांत मोठं. हारतुरे झाले, भाषणं झाली. बायका सकाळपासून ओळीत बसलेल्या. तपासणीची वेळ आली तेव्हा कळलं की पडदा आणायचा राहिला!

आता तीन पुरुषांसमोर कोण बाई पदर काढेल? एक-एक उठून घरी निघाली. मी काय केलं, स्टुलावर चढले, बॅनर सोडला, वर्गात दोरीवर आडवा टाकला. लेडी डॉक्टर आत गेल्या, बायका परत फिरल्या, काम सुरू.

अध्यक्ष धावत आले. "मावशी, हे काय केलंत? माझं नाव आतल्या बाजूला गेलं!"

*

त्या बॅनरच्या आड माझी नणंद हिराबाईपण गेली. नेऱ्याचीच ती, शेतावर राबणारी. आजारी म्हणून कधी निजलेली मी तिला पाहिली नाही. मीच बळेबळे आणली होती. बाहेर आली ती पदर सारखा करत म्हणाली, "वयनी, त्या बाईंनी छातीत गाठ सांगितली. हसत हसत सांगितली, म्हंजे वाईटच असंल."

लेडी डॉक्टर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, हिला लवकरात लवकर मुंबईला जायला हवं. थांबू नका."

आम्ही थांबणार नव्हतोच. पण आमच्याकडे कमिटी होती ना!

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली, आधी उरणच्या सर्जनना दाखवा. उरणच्यांनी हात लावून पाहिलं आणि लिहिलं, पेणला लॅबमध्ये दाखवा. पेणच्यांनी सुई घातली, काचेवर काहीतरी घेतलं, आणि लिहिलं, पनवेलला अध्यक्षांना विचारा. अध्यक्षांनी पेणच्या रिपोर्टचं पाकीट फोडलंच नाही. म्हणाले, "परत उरणला जाऊ दे, सर्जनचं मत पक्कं होऊ दे." एसटीचे कंडक्टर हिराबाईला ओळखायला लागले.

दुसऱ्या फेरीनंतर ती स्टँडवरच बसली. म्हणाली, "वयनी, गाठ एका जागी हाय. मीच गावभर फिरते!"

*

पौष महिन्यात मीटिंग झाली. हिराबाईची केस पहिल्या नंबरला. तिला खाली बाकावर बसवलेली, वर गच्चीवर तिच्या गाठीची चर्चा.

लेडी डॉक्टर म्हणाल्या, सुपारीएवढी. उरणचे म्हणाले, छे, आवळ्याएवढी. पेणचे म्हणाले, छोटं लिंबू धरा. अध्यक्षांनी गाठ बघितलीच नव्हती, फाइल बघितली होती. पण अध्यक्ष गप्प कसे बसणार? "माझ्या मते बोराएवढी."

मला राहवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, बोर कुठलं? गावठी का अहमदाबादी?"

लेडी डॉक्टर तोंडाला रुमाल लावून हसल्या. बाकीचे नाही हसले. औषध कंपन्यांनी दिलेली तीन-तीन पेनं चौघांच्या खिशात होती. मोजायची पट्टी एकाच्याही खिशात नव्हती.

खाली आले तर हिराबाई विचारते, "काय ठरलं वर?"

काय सांगू? "फळ ठरायचंय," म्हटलं.

*

मग मुंबईचे मोठे कॅन्सरचे डॉक्टर एक तासासाठी आले. अध्यक्षांनी मिनतवारी करून आणलेले. हिराबाई पहाटेच्या गाडीने येऊन पहिल्या नंबरला बसली. तेवढ्यात अध्यक्षांच्या सासूबाई आल्या, त्यांना कोण थांबवणार? मग पेणच्यांचे मोठे भाऊ. मग उरणच्यांचे शेजारी, त्यांना नुसतं भेटायचं होतं.

सासूबाईंनी आत जाऊन गुडघे दाखवले. मुंबईचे डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "आजी, मी कॅन्सरचा डॉक्टर. गुडघ्यातलं मला काही कळत नाही."

सासूबाई बाहेर येऊन सगळ्यांना सांगतात, "नुसतं नाव मोठं! गुडघा ओळखता येत नाही!"

तास संपला. हिराबाई पहिल्या नंबरलाच बसलेली. निघालेल्या मुंबईच्या डॉक्टरांना लेडी डॉक्टरांनी गाडीच्या खिडकीतून पेणचा रिपोर्ट दिला. त्यांनी वाचला, तोंड उतरलं त्यांचं. "ही बाई अजून इथे काय करते? पाठवा हिला!" गाडी गेली.

*

पाठवा म्हटल्यावर अध्यक्षांनी पाठवायची पद्धत ठरवली. एक कागद टाइप झाला. त्यावर चौघांनी पेशंट तपासून सह्या करायच्या, मगच मुंबई. मी विचारलं, "कागदाबिगर गेलं तर?"

"गेटातून आत घेणार नाहीत, मावशी! कमिटीचा पेशंट आहे, असा कसा जाईल?"

आम्ही अडाणी माणसं. खरं वाटलं. सह्या मीटिंगमध्येच होणार. पुढची मीटिंग पेणच्यांच्या मेव्हण्याच्या लग्नामुळे रद्द. त्याच्या पुढची क्रिकेटच्या मॅचमुळे. तिसरीला मी गच्चीवर चार खुर्च्या मांडल्या, तर मी आणि लेडी डॉक्टर, दोघीच. त्यांनी सही केली, कागद माझ्या हातात दिला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "मावशी, उरलेल्या तीन सह्या कशाही मिळवा. हिच्याकडे वेळ नाही."

हिराबाईला आता ब्लाउज टोचायला लागला होता. ती हसायची पण बंद झाली होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

*

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. हिराबाई मुंबईला गेली, तिचं ऑपरेशन झालं, ती परत आली आणि नंतर दोन सुनांशी भांडण्याइतकी धडधाकट झाली.

मुंबईच्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या बाईंनी आमचा कागद उलटापालटा करून पाहिला. वर अकरा सह्या! त्यातली एक दातांच्या डॉक्टरची, एक गुरांच्या डॉक्टरची, आणि शेवटची इतकी घाईची की कागद फाटलेला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "सह्या हायत. तुमी गेटातून घेत नाय ना त्याबिगर."

त्या म्हणाल्या, "आम्हाला सह्या लागतच नाहीत. पेशंट लागतो. एवढे दिवस होता कुठे?"

मी तिथल्याच पायरीवर बसले आणि कमिटीला जे काय बोलले, ते नातीला लिहायला सांगत नाही.

*

आता त्या अकरा सह्या झाल्या कशा, ते ऐका.

होळीच्या आधी एका औषध कंपनीने आमच्याच गच्चीवर जेवण ठेवलं. नवीन टॉनिक काढलं होतं त्यांनी. रविवारी दुपारी, पनीर, पुऱ्या, आईस्क्रीम! ज्या गच्चीवर मीटिंगला चार खुर्च्या भरत नव्हत्या, तिथे चाळीस माणूस. उरणचे बायकोपोरांसकट, पेणचे वेळेआधी अर्धा तास!

कंपनीच्या माणसाने मला विचारलं, "मावशी, प्लेटा द्यायला एखादी बाई मिळेल?"

"मिळंल की!" म्हटलं.

हिराबाईला प्लेटांच्या टेबलाशी उभी केली. तिच्यासमोर तो कागद, बाजूला कंपनीचं पेन. तिला सांगितलं, डॉक्टरची सही नाही तर प्लेट नाही. डॉक्टर लोकांना वाटलं, कंपनीची हजेरी असेल, गिफ्ट असेल. न वाचता भराभर सह्या! उरणच्यांनी केली, पेणच्यांनी तर मागच्यांना ढकलून केली. ज्यांचा संबंध नव्हता त्यांनीही केल्या. हिराबाई प्रत्येकाला प्लेट द्यायची, वर म्हणायची, "पोटभर जेवा हां, डॉक्टर."

सगळ्यांत शेवटी अध्यक्ष आले. हिराबाईने प्लेट हातात दिली, कागद पुढे केला. पण ते पडले अध्यक्ष, त्यांनी वाचला! मला हाक मारली.

"मावशी, हा कमिटीचा कागद इथे कसा? आणि असा सहीला ठेवतात? बाकीचे करोत. मी स्वतःच्या डोळ्यांनी पेशंट बघितल्याशिवाय सही करत नाही. तत्त्व आहे माझं! कुठे आहे पेशंट?"

हिराबाईने त्यांच्या हातातली प्लेट काढून घेतली.