स्लिपमध्ये कुणीच नव्हतं

डॉक्टरीणबाई "ग्लॉकोमा" म्हणाल्या तेव्हा मला वाटत होतं, खोलीत आम्ही दोघंच आहोत. सोबत आलेले शेजारी बापट बाहेर बाकावर बसलेत अशी माझी समजूत. तेवढ्यात माझ्या डाव्या अंगाने "अरेरे" असा आवाज आला. मान वळवून बघतो तर बापट मला खेटून खुर्चीवर बसलेले. सगळं ऐकलेलं.

खरं सांगतो, त्या घटकेला मला डोळ्याचं दुःख झालं नाही. बापटांनी ऐकलं, त्याचं झालं.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. मोतीबिंदू वेगळा. मोतीबिंदू काढून आत भिंग बसवतात आणि माणूस पुन्हा पेपर वाचायला लागतो. याचं तसं नाही. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मागची नस दबून दबून सुकत जाते. माझं दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. कडेची नजर आधी जाते आणि समोरचं पुष्कळ दिवस चांगलं दिसत राहतं, म्हणून पत्ता लागत नाही. गेली ती परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच हातात.

मी लिहिणारा माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत, मग फौजेत ड्रायव्हर. डोंगरातल्या धुक्यात, एका अंगाला दरी असताना मोठा ट्रक नेलेला आहे. मागे बसलेले जवान म्हणायचे, हवालदारसाहेबांचे डोळे घारीचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नोएडात आलो आणि इथलाच झालो. इथल्या आपल्या मराठी मंडळात साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो.

बापट आमच्याच इमारतीत राहतात. सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण ताठ चालतात. इंग्रजी पेपर वाचतात. कसोटी सामना असला की आमच्याकडे येतात, कारण आमचा टीव्ही मोठा. चहा आला की माझी बायको मंगल पहिला कप त्यांना देते. पाहुणा म्हणून देते, मला कळतं. तरी लागतं.

त्या हिवाळ्यात आपल्याकडे कसोटी मालिका चालू होती. आपल्या संघात चौथ्या नंबरवर बॅटिंगला येणारा एक पोरगा खेळत होता आणि त्याच्या फॉर्मवरून आमचं रोज वाजत होतं. ऑफ स्टंपच्या बाहेरचा प्रत्येक चेंडू तो सोडून द्यायचा. मी म्हणायचो, घाबरलाय. फॉर्म गेला त्याचा, बसवा घरी.

"अहो हवालदार, सोडतोय म्हणजेच फॉर्मात आहे," बापट म्हणायचे. "त्याला स्टंप कुठे आहे ते कळतंय."

"काय कळतंय? सगळं रान मोकळं आहे तिथं. स्लिपमध्ये एक माणूस नाही. घाल ना बॅट!"

यावर बापटांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, निरुत्तर केला सेक्शन ऑफिसरला.

थोड्या वेळाने पोरग्याने बॅट घातली. चेंडू कड घेऊन गेला, माझ्या हिशेबाने मोकळ्या रानात. मी टाळी वाजवली. आणि टीव्हीवरचे सगळे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडायला लागले.

"झेल कुणी घेतला?" मी विचारलं.

"दुसऱ्या स्लिपने," बापट हळू आवाजात म्हणाले. "तीन स्लिप आहेत, हवालदार. सकाळपासून आहेत."

मी टीव्हीला दोष दिला. जवळ बसूनच बघायची माझी सवय, म्हणून खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. मंगल दारात उभी होती.

"अहो, परवा स्कूटर फाटकाच्या खांबाला घासली तीसुद्धा डावीकडूनच," ती म्हणाली. "आणि दाराच्या चौकटीला रोज डावा खांदा आपटताय. बापटसाहेब, तुम्ही दर वर्षी डोळे दाखवता ना, यांना घेऊन जा."

माझ्या बायकोने माझे डोळे बापटांच्या हवाली केले. बापटांच्या वडिलांना हाच आजार होता, म्हणून ते दर वर्षी तपासून घेतात. मी गेलो ते फक्त मंगलला खोटं पाडायला.

मेट्रोने दिल्लीतल्या हॉस्पिटलात गेलो. तिथेही तोच प्रकार. बापटांना सगळे "अंकलजी", मी मात्र "बाबाजी". डॉक्टरीणबाई त्यांच्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि माझ्याशी हिंदीत, तेही मोठ्याने. कानाला काही झालेलं नव्हतं माझ्या.

पहिल्यांदा प्रेशर मोजलं, म्हणजे डोळ्यातला दाब. मग थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि मागची नस बघितली. तेव्हाच तो शब्द निघाला आणि डावीकडून "अरेरे" आलं. नुकसान किती झालंय ते कळायला फील्ड टेस्ट सांगितली. फील्ड टेस्ट म्हणजे नजरेचा घेर मोजणं. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या कटोऱ्यासारख्या यंत्रात बघायला लावतात. नजर मधल्या दिव्यावरून हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं.

बापटांची वर्षाची टेस्ट त्याच दिवशी होती. ते आधी आत गेले. दार अर्धं उघडं होतं. तपासणारी बाई म्हणाली, "बहुत बढ़िया अंकलजी, एक भी नहीं छोड़ा."

झालं. हे ऐकून मी आत गेलो.

पहिले दोनचार दिवे दिसले. मग काही येईना. मनात म्हटलं, बापटांच्या वेळी टकटक चालली होती आणि आपण इथे गप्प बसायचं? अंदाजाने दाबायला लागलो. चांगली लय धरली. दोन्ही डोळ्यांची टेस्ट तशीच केली आणि छाती काढून बाहेर आलो. "एक भी नहीं छोड़ा," असं मंगलला सांगायचं ठरवलंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"बाबाजी, लाइट नहीं थी तब भी आपने बटन दबाया है. मशीन सब पकड़ लेती है." मग मोठा आवाज सोडून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "देखिए, यहाँ पास-फेल नहीं है. आप झूठ बोलेंगे तो मैं दवा किसके हिसाब से दूँ? इस झूठे कागज के?"

बापट तिथेच होते. त्यांनी खिडकीकडे बघायचं सोंग केलं. हसले असते तर मी उठून निघून गेलो असतो.

थोडी विश्रांती देऊन टेस्ट पुन्हा घेतली. आता ठरवलं, दिसेल तेव्हाच दाबायचं. एक दिवा दिसला, दाबलं. मग नुसती शांतता. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, वीज गेली.

"मशीन चालू है?" मी विचारलं.

"चालू है, बाबाजी," बाई म्हणाली. "लाइट आ रही है."

बटणावरचा अंगठा तसाच राहिला.

कागद हातात आला. दिवा दिसला नाही तिथे काळं छापतात. बापटांचा जवळजवळ पांढरा. माझ्या डाव्या डोळ्याचा डावीकडचा भाग काळा, उजव्या डोळ्याचाही डावीकडचाच. उरलंय ते राखायला रोज थेंब टाकायचे, आयुष्यभर, एकही दिवस न चुकता. स्कूटर बंद. घरी येऊन किल्ली मंगलकडे दिली. तिने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

थेंब मला नीट टाकता येईनात, गालावर ओघळायचे. मंगलचा हात कापतो. मग बापट यायला लागले. संध्याकाळी त्यांच्यापुढे डोकं मागे टाकून बसायचं, हे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. दोन दिवस तर मी दारच उघडलं नाही.

"हवालदार, माझ्यावर राग धरा, पण डोळा उघडा," दाराबाहेरून बापट म्हणाले. "माझे वडील असेच हट्टाला पेटले होते. शेवटी मला आवाजावरून ओळखायचे."

मी दार उघडलं.

मालिकेतला शेवटचा सामना आला. बापट नेहमीच्या खुर्चीवर बसणार तेवढ्यात मी त्यांना माझ्या डावीकडे बसवलं. चौथ्या नंबरचा पोरगा खेळायला आला. पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला.

"साहेब, स्लिपमध्ये किती?" मी विचारलं.

मंगल कप हातात धरून थांबली.

"तीन. आणि गलीत एक."

"मग सोडतोय ते बरोबर आहे."

"म्हणजे फॉर्मात आहे म्हणा की!"

"ते मी म्हणालेलो नाही," मी म्हटलं. त्या दिवशी पहिला कप मंगलने मला दिला. आता मी आजारी, म्हणून दिला असणार. पण दिला.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो, दुखत नसलं तरी डोळे दाखवून या. घरात कुणाला हा आजार असेल तर आधीच जा. आणि टेस्टला शेजाऱ्याचा स्कोअर काय झाला ते ऐकू नका.

मी मात्र ऐकतो. परवा पुन्हा फील्ड टेस्ट झाली, दोघांचीही. डॉक्टरीणबाईंनी बापटांचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "ठीक है." माझा नवा कागद जुन्याशेजारी ठेवून पुष्कळ वेळ बघितला. काळं होतं तेवढंच होतं, पुढे सरकलं नव्हतं.

"बहुत बढ़िया, बाबाजी," त्या म्हणाल्या.

बापटांना नुसतं ठीक है. मला बहुत बढ़िया. मेट्रोत बसल्यावर मी त्यांना ते सांगितलं. एक स्टेशन गेल्यावर पुन्हा सांगितलं.

"ऐकलं हो," बापट म्हणाले. "मी तुमच्या डावीकडेच बसलो होतो."

या वेळी मला ते माहीत होतं.