साडूभाऊंच्या घरची वीज

सूर्याशी थेट घरोबा असलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून आला. कधीतरी एका लाइनमनशी त्यांचं वाजलं आणि त्या तिरीमिरीत साडूभाऊंनी घराचं वीजकनेक्शनच कापून घेतलं. तेव्हापासून गच्चीवर सोलर पॅनल आणि झोपायच्या खोलीत आठ बॅटऱ्या. त्या बॅटऱ्यांना जागा म्हणून अक्काचं, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोचं आणि माझ्या मोठ्या मेव्हणीचं, साड्यांचं कपाट व्हरांड्यात गेलं. रोज सकाळी साडूभाऊ आधी बॅटऱ्यांचं पाणी तपासतात, मग स्वतः चहा घेतात. "तिले तहानलेली ठेवून मले चहा गोड लागत नाही गा," हे वर आम्हाला ऐकवतात.

त्या घरात मिक्सर फिरवायलाही परवानगी लागते. एकदा लग्नाला निघताना मी तिथे शर्टाला इस्त्री करायला घेतली. इन्व्हर्टरनं किंकाळी फोडली आणि घर बंद पडलं. साडूभाऊ साबणानं माखलेले, टॉवेलवर, न्हाणीतून धावत आले ते थेट इन्व्हर्टरपाशी. "प्रेस कोणं लावली बे?" डोळ्यांत साबण गेलेला, तरी हात इन्व्हर्टरच्या पाठीवरून फिरत होता. लग्नात मी चुरगळलेलाच मिरवलो.

यंदाच्या मे महिन्यात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. अक्कानं माहेरच्या माणसांना रसाच्या जेवणाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिनं पातेलंभर आमरस काढून फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी आभाळ भरून आलं. उद्या पाहुण्यांच्या कूलरला बॅटरी पुरावी म्हणून साडूभाऊंनी गुपचूप फ्रिज बंद केला, आणि पुन्हा चालू करायचं विसरले. दुसऱ्या दिवशी वाट्यांमध्ये रस फसफसत होता. अक्का पाहुण्यांसमोर काही बोलली नाही. ते गेल्यावर बॅग भरून तडक आमच्याकडे आली. "त्या घरात मले बॅटरीइतकं तरी कोणी पुसते का? आता विजेची लाइन येईन तवाच मी जाईन."

पाचव्या दिवशी भर उन्हात साडूभाऊ दारात. मी टोमणे परजूनच बसलो होतो. अक्का भाजी चिरत होती, तिनं मान वर केली नाही.

"लाइनीचा अर्ज देऊन आलो," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. मग हळूच म्हणाले, "दहा वाजताच बॅटऱ्या फुल्ल होऊन राहिल्या वं. घरात काही चालतच नाही. मी दिवसभर नुसता चार्जिंगच्या काट्याकडे पाहत बसतो."

परजलेले टोमणे मी म्यान केले. भरलेल्या बॅटऱ्यांपुढे एकटाच बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि खरं सांगतो, मला भडभडून आलं.

"जेवले का?" अक्कानं विचारलं. त्यांनी नुसतीच मान हलवली, नाही म्हणून. तिनं उठून त्यांचं ताट वाढलं, आणि ते जेवत असताना आतून स्वतःची बॅग आणून दाराशी ठेवली.